धाव : शंकरपट आणि हौशी धुरकऱ्याची परंपरा

पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि मळणी आटोपली, बांध्या मोकळ्या झाल्या, की गावोगावी बैलजोड्यांच्या ज्या शर्यती भरतात त्यांना शंकरपट म्हणतात. बांधी म्हणजे पाणी अडवण्यासाठी चहूबाजूंनी धुरे घातलेला धानशेतीचा तुकडा. आणि पट या एका शब्दात शर्यत, तिची जागा आणि तिच्याभोवती भरणारी जत्रा असे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. नंदी हे शंकराचे वाहन असल्याने पटाला शंकराचे नाव मिळाले, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. गेल्या दीड दशकात या शर्यतींविषयी न्यायालयांत युक्तिवाद झाले, विधिमंडळात कायदा झाला, वृत्तपत्रांत बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्याच्यावाचून पट उभाच राहू शकत नाही, त्या हौशी धुरकऱ्याकडे, म्हणजे स्वतःची शेती सांभाळून, कोणत्याही मानधनाशिवाय, वर्षभर एक जोडी आणि एक छकडा जपणाऱ्या माणसाकडे, स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या माणसाचे स्मरण करण्यासाठी सिद्ध झाला आहे.

हे स्मरण भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख केंद्रस्थानी ठेवून केलेले आहे. पवनी व लाखांदूर या तालुक्यांतील सपाट, काळसर आणि ओलाव्याच्या जमिनीचा पट्टा चौरास या नावाने ओळखला जातो. वैनगंगेचे खोरे, मालगुजारीच्या काळातील तलाव, कोहळी समाजाची तलाव बांधण्याची व ऊस पिकवण्याची जुनी कीर्ती, आणि २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाने बदललेले पाण्याचे गणित, या सर्वांची छाया येथील शेतीवर आहे. शंकरपट या शेतीच्या दिनमानातूनच निघालेला आहे. चिखलणीत, रोवणीच्या तयारीत आणि मळणीत राबलेल्या बैलांना पौष-माघात उसंत मिळते, घरात धान आलेले असते, दिवस कोरडे आणि गार असतात. म्हणून संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ पटाला सोयीचा ठरतो. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्याचे, नाटक ही जोडगोळीही याच कालगणनेतून जमली. वडसा-देसाईगंज येथील नाट्यमंडळांची रंगभूमी, दंडार व खडी गंमत हे लोककलाप्रकार आणि दिवाळीनंतरच्या मंडया यांच्यासोबत पट हा झाडीपट्टीच्या सामाजिक वर्षाचा एक खांब आहे. लेकीबाळी माहेरी येण्याचे आणि सोयरिकीची बोलणी सुरू होण्याचे ते एक निमित्तही आहे.

या विषयाशी प्रथमच परिचय होणाऱ्या वाचकासाठी काही संज्ञा आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या आखलेल्या पट्टीवरून जोडी धावते तिला दाण म्हणतात. विदर्भात पटाच्या दोन रीती आढळतात : एकीत दोन समांतर दाणींवर दोन जोड्या एकाच वेळी सोडल्या जातात आणि जी आधी पोचेल ती जिंकते, दुसरीत एकेक जोडी स्वतंत्र धावते आणि तिला लागलेला वेळ घड्याळावर मोजला जातो. पहिलीत समोरचा प्रतिस्पर्धी दिसतो आणि दुसरीत तो केवळ आकड्याच्या रूपाने असतो, त्यामुळे दोन्ही रीतींना लागणारी जोडीची शिकवण आणि धुरकऱ्याची मानसिक तयारीही वेगळी असते. धुरकरी म्हणजे धुरेवर, अर्थात गाडीच्या पुढच्या लांब दांड्याच्या मुळाशी बसून कासरा हातात धरणारा हाक्या. ओझ्याची बंडी निराळी, माणसे नेणारी दमणी निराळी आणि पटाचा छकडा निराळा. छकड्यात साटा, कठडे, बसण्याची बैठक अशा अनावश्यक गोष्टी गाळून केवळ जू, धुरा, आस आणि दोन चाके एवढेच शिल्लक ठेवलेले असते. वजन कमी करणे आणि तरीही चाक डगमगू न देणे, हा छकडा घडवणाऱ्या सुताराच्या कौशल्याचा गाभा होय.

लाकडी चाकाचे शास्त्र येथे थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र पुट्ठे आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी, असे चाकाचे चार भाग असतात. या लोखंडी पट्टीला मराठीत धाव म्हणतात. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान वळवतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतो, प्रसरण पावलेली असतानाच चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. थंड होताना ती आक्रसते आणि आरे तुंब्यात गच्च बसतात. खिळ्यांवाचून केवळ उष्णता आणि पाणी यांच्या बळावर साधलेली ही बांधणी आहे. धावणे या क्रियेचे नाम आणि चाक आवळणाऱ्या पट्टीचे नाव मराठीत एकच असणे, या योगायोगाचा आधार प्रस्तुत ग्रंथाच्या नावाला आहे.

हौशी या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. हौस आणि शौक हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे असून फारसीमार्गे मराठीत रुळले. इंग्रजीतून आलेला अमॅच्युअर हा शब्दही लॅटिनमधील प्रेम करणे या अर्थाच्या धातूपासून निघाला. मराठीत मात्र हौशी या विशेषणाला कच्चेपणाची एक छटा चिकटली आहे, आणि व्यावसायिक या शब्दाशी तुलना करताना ते नकळत खालच्या पायरीवर बसवले जाते. हौसेला मोल नाही ही म्हण दोन्ही अंगांनी वाचता येते : हौस अमूल्य असते आणि हौसेचा मोबदला मिळत नसतो. पटशौकिनाच्या जीवनाला या म्हणीचे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की हौशी धुरकऱ्याचे कर्तृत्व दाणीवरच्या काही सेकंदांत मोजणे ही चूक असून, ते त्या सेकंदांच्या मागे उभ्या असलेल्या वर्षभराच्या जपणुकीत मोजले पाहिजे. त्याचे स्मरणही विजयांच्या यादीने नव्हे, तर या जपणुकीच्या वर्णनानेच होऊ शकते.

मराठी मुलुखात बैलजोडी आणि हलके वाहन यांचे नाते किती जुने आहे, याचा ठोस पुरावा दायमाबाद येथे मिळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठच्या या स्थळी १९७४ मध्ये चार कांस्यमूर्तींचा जो ठेवा सापडला, त्यात सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे. दोन बैल जुंपलेला, लांब दांड्याचा आणि त्यावर उभा राहून हाकणारा पुरुष असलेला. या मूर्तीत शर्यत दाखवली आहे असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु ओझे वाहण्यासाठी नसलेले, एकाच माणसाला धरणारे, हलके दोनचाकी वाहन त्या काळातील कारागिराला परिचित होते, हे त्यावरून निश्चित दिसते.

पवनीच्या परिसराला या इतिहासाचा आणखी एक धागा जोडलेला आहे. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. बौद्ध जातककथांत नंदिविशाल नावाच्या बैलाची कथा आहे : मालकाने पैज लावून त्याला शंभर भरलेल्या गाड्या ओढायला जुंपले, पण ऐनवेळी त्याला अपशब्द वापरल्याने बैल जागचा हलला नाही, पुढे मालकाने गोड शब्दांत विनवले तेव्हा त्याने दुप्पट रकमेची पैज जिंकून दिली. ही कथा पवनीत सांगितली गेली असेल वा नसेल. महत्त्वाचे हे की बैल, पैज आणि मालकाची वाणी यांचा परस्परसंबंध हा भारतीय नीतिविचाराचा जुना विषय आहे, आणि आज न्यायालयात जो प्रश्न कलमांच्या भाषेत विचारला जातो, त्याचा आशय त्या कथेत आधीच आलेला आहे.

मध्ययुगीन आणि अर्वाचीन काळात वेगवान बैलांची गरज प्रवास, टपाल आणि लष्करी वाहतूक यांना होती. वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसराशी निगडित असलेली गवळाऊ जात तिच्या चपळ चालीसाठी प्रसिद्ध असून मराठा फौजांच्या वाहतुकीशी तिचे नाव जोडले जाते. तर कठाणी ही पूर्व विदर्भाची छोट्या बांध्याची, चिखलात काम करणारी धानपट्ट्यातील जात होय. रेल्वे आणि नंतर मोटार आल्यावर वेगवान बैलाचे व्यावहारिक प्रयोजन संपले, पण वेगाची आवड संपली नाही, आणि प्रयोजन गमावलेले कौशल्य क्रीडेत आश्रयाला गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये गावगाडा लिहिला तेव्हा साऱ्या ग्रामव्यवस्थेसाठी त्यांना गाड्याचेच रूपक घ्यावेसे वाटले. सुतार, लोहार, चांभार आणि कुणबी यांच्या श्रमांचा मेळ बसल्याशिवाय जसे गाव चालत नसे तसा छकडाही उभा राहत नसे.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींचे अनेक संप्रदाय आहेत, आणि शंकरपटाचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांची तोंडओळख हवी. पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या भागांत बैलगाडा शर्यत चढाच्या घाटात होते. गाड्याला दोन जोड्या, म्हणजे चार बैल असतात, पुढे घोडीवरचा स्वार धावतो, प्रत्येक धावेला बारी म्हणतात आणि देवाच्या यात्रेशी तिचा अतूट संबंध असतो. सातारा-सांगलीच्या मैदानी शर्यतींत खिल्लार बैलांचे वर्चस्व आहे; तेथे आदत, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला, दुसा, चौसा अशा दातांवरून ठरणाऱ्या वयोगटांना महत्त्व आहे, आणि पुसेगावसारख्या यात्रांची मैदाने नावाजलेली आहेत. रायगड जिल्ह्यात अलिबाग-मुरुडकडे ओहोटीनंतर मोकळ्या झालेल्या पुळणीवर गाड्या पळतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट पश्चिम विदर्भात विशेष ख्यातनाम असून तेथे महिलांनी जोड्या हाकण्याची प्रथा लक्षणीय ठरली आहे. महाराष्ट्राबाहेर कर्नाटकच्या किनारपट्टीवरील चिखलातील रेड्यांची कंबळा, तमिळनाडूतील रेक्ला आणि पंजाबातील किला रायपूरच्या शर्यती ही याच कुळातील भावंडे होत. घाटातील शर्यत चढ पेलणारी ताकद तपासते, पुळणीवरची शर्यत ओल्या वाळूतला दम तपासते, तर दाणीवरचा पट सरळ रेषेतील झेप आणि जोडीतील एकवाक्यता तपासतो. दोन बैलांपैकी एक अधिक वेगवान असून भागत नाही. दोघांचे पाऊल सारखे पडावे लागते, आणि म्हणूनच पटशौकीन बैल शोधत नाही, जोडी शोधतो.

हौशी स्पर्धक आणि त्याचे वाहन यांचे नाते केवळ बैलांच्या जगापुरते नाही, हे दाखवण्यासाठी ग्रंथात मोटारींच्या शर्यतींशी तुलना केलेली आहे. मोटारगाड्यांची पहिली प्रसिद्ध चाचणी स्पर्धा १८९४ मध्ये पॅरिस ते रुआं या मार्गावर झाली. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स हा खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला मार्ग १९०७ मध्ये खुला झाला. पुढे कारखान्यांचे संघ आणि पगारी चालक आले, तशी एक प्रतिक्रिया म्हणून जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने राखून स्वतःच पळवणाऱ्या हौशी लोकांनी १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी एमजी कंपनीच्या छोट्या दोन आसनी गाड्यांची आवड सोबत नेली. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या टीसी नावाच्या सुमारे १०,००० गाड्यांनी तेथील हौशी शर्यतींना रूप दिले, आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन या गावच्या रस्त्यांवर पहिली शर्यत झाली. भारतात मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन विमानधावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती गाजल्या, तर दिल्लीत १९६४ पासून जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली. सैन्यातून निवृत्त होऊन एकाच जुन्या स्पोर्ट्स कारला दशकानुदशके जपणारा आणि सुटीच्या दिवशी ती शर्यतीत उतरवणारा माणूस हा त्या जगातला आदराने आठवला जाणारा नमुना आहे. त्याचा छंद मोटारीच्या वेगापेक्षा तिच्या यंत्राशी असलेल्या परिचयावर अधिक टिकून असतो. कोणता आवाज निरोगी आणि कोणता बिघाडाचा, हे त्याला कानाने कळते. चौरासातला जुना धुरकरी बैलाच्या श्वासावरून, रवंथावरून आणि खुरांच्या ठेक्यावरून हेच ओळखतो.

या साम्याची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. मोटार गॅरेजमध्ये बंद करून ठेवता येते, तिचा भाग बदलता येतो आणि मालक गेल्यावरही ती उरते. बैल जिवंत प्राणी आहे. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास त्याचे पहिले पक्के दात येतात, पाचव्या वर्षाच्या आसपास तो जुळतो, म्हणजे त्याचे सर्व दात पुरे होतात, आणि त्यानंतर ऐन भराची वर्षे मोजकीच असतात. मोटारीच्या शौकिनाला आयुष्यभर एक गाडी पुरते, पटाच्या शौकिनाला एकामागून एक जोड्या घडवाव्या लागतात आणि त्यांचा वियोगही सोसावा लागतो. त्याच्याजवळ जे टिकते ते वाहन नव्हे, तर वासराची चाल पाहून त्याचे पुढचे रूप ओळखणारी नजर. ही नजर लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे ती माणसासोबत जाते.

वर्षभराच्या जपणुकीचा तपशील पाहिला तर तिचे खरे स्वरूप कळते. पावसाळ्यात खूर कुजू नयेत म्हणून गोठ्याची जमीन कोरडी ठेवणे, तणस आणि हिरवा चारा यांचे प्रमाण राखणे, ढेप व चुनी भिजवून देणे, वेसण टोचणार नाही अशी राखणे, पत्री, म्हणजे खुरांचे नाल, वेळेवर ठोकून घेणे, मळणीनंतर हळूहळू चालीचा सराव वाढवणे, आणि पटाच्या आदल्या दिवशी पोटभर चारा न देण्याचे भान ठेवणे, अशी ही न संपणारी कामे असतात. पोळ्याच्या दिवशी झूल, गोंडे आणि बाशिंगे यांनी सजणारा बैल आणि पटात धावणारा बैल एकच. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि लहान मुले लाकडी बैल मिरवतात, तेव्हा या जपणुकीचा पहिला धडा चाके लावलेल्या खेळण्यातून दिला जातो.

या विषयाच्या अभ्यासाच्या चार प्रमुख दिशा सांगता येतात. पहिली वर्णनात्मक : मध्य प्रांताची जिल्हा गॅझेटियरे, आणि रसेल व हिरालाल यांचा १९१६ मधील जाती-जमातींवरील ग्रंथ यांनी शेती, गुरे आणि सण यांच्या नोंदी केल्या, परंतु त्यांची दृष्टी प्रशासकाची होती. दुसरी लोकसंस्कृतीची : डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीची लोककला यांना स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान मिळवून दिले, आणि झाडीपट्टी रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीने त्या परंपरेकडे देशाचे लक्ष गेले. तिसरी मानवशास्त्रीय : योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीचा पाया असल्याचे प्रतिपादन केले, आणि क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी बालीमधील कोंबड्यांच्या झुंजीवरील निबंधात अशी झुंज म्हणजे समाजाने स्वतःविषयी स्वतःलाच सांगितलेली कथा असते असा विचार मांडला. चौथी प्राणिकल्याण आणि कायदा यांची, जी आज सर्वांत प्रभावी आहे. पहिल्या तिन्ही दिशांनी बैलाला दृश्याचा भाग मानले. चौथीने त्याला प्रथमच पक्षकार केले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

कायद्याचा हा प्रवास थोडक्यात असा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने त्यातील कलम २२ खालच्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्यासोबत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती केली, परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ पट अधिकृतपणे बंद होते. बैलाच्या आयुर्मानाचा हिशेब केला तर हा काळ पटाच्या बैलांच्या एका पिढीहून मोठा आहे. बंदीपूर्वी तयार झालेली जोडी बंदी उठेपर्यंत म्हातारी झाली होती किंवा उरली नव्हती, आणि ज्यांनी या काळात गोठा रिकामा केला नाही त्यांनी दाणीची कोणतीही शाश्वती नसताना जोड्या राखल्या. हौस म्हणजे काय याची याहून कठोर परीक्षा संभवत नाही.

मात्र या ग्रंथाचा हेतू गौरवगाथा रचण्याचा नाही. तुतारीचे टोचे, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेल्या काठीचा मार, शेपटी पिरगळणे, विजेचा झटका, असे जे प्रकार न्यायालयासमोर आले ते कल्पित नव्हते, आणि आजच्या कायद्यात त्यांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद असणे योग्यच आहे. जपणुकीला मूल्य मानणाऱ्या परंपरेने या प्रकारांना आतूनच नकार द्यायला हवा होता. तो सर्वत्र दिला गेला नाही, हे मान्य केल्याशिवाय हौशी परंपरेविषयी बोलण्याचा अधिकार मिळत नाही. हौस नेमकी कोणाची, हाही प्रश्न तितकाच अवघड आहे. जोडीचा मालक आणि धुरकरी हे नेहमी एकच नसतात. पटाची जोडी पाळण्यासाठी जमीन व ऐपत लागते, आणि प्रत्यक्ष बैलांसोबत दिवस काढणारा अनेकदा सालगडी असतो, पण जोडी ओळखली जाते ती मालकाच्या नावाने. घरातील स्त्रियांनी केलेले शेण-गोठ्याचे, चाऱ्या-पाण्याचे काम तर कोणत्याच उल्लेखात येत नाही. जुन्या मोटारींच्या जगातही गाडी चालवणाऱ्याचे नाव राहते आणि ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे पुसले जाते. स्मरणाचा ग्रंथ लिहिताना ही विषमता पुन्हा गिरवली जाऊ नये, याची काळजी घेणे अगत्याचे होते.

हा विषय आजच मांडण्याचे कारण बैलाच्या घटत्या संख्येत आहे. पशुगणनेनुसार देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६.७९ कोटी होती, ती २०१९ मध्ये ४.७४ कोटींवर आली. अवघ्या सात वर्षांत तीस टक्क्यांची घट. चिखलणी ट्रॅक्टरने आणि मळणी यंत्राने होऊ लागल्यावर शेतकऱ्याच्या दारात बैलजोडी असण्याचे आर्थिक कारण उरत नाही, आणि जी जोडी उरते ती अधिकाधिक केवळ पटासाठी उरते. पूर्वी कामाचा बैल पटात धावत असे. आता पटाचा बैल कामाला जुंपला जात नाही. मोठ्या शर्यतींत लाखोंची किंमत असलेले बैल उतरतात आणि बक्षीस म्हणून मोटारसायकल, चारचाकी, ट्रॅक्टर इतकेच नव्हे तर जेसीबी ठेवले जाते. ज्या यंत्राने बैलाला शेतातून बाहेर काढले तेच यंत्र बैलाच्या विजयाचे पारितोषिक व्हावे, यातला विरोधाभास बक्षीस लावणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. या नव्या व्यवस्थेत हौशी धुरकऱ्याची जागा गुंतवणूकदार घेऊ लागला आहे.

दुसरे कारण वारशाच्या व्याख्येशी संबंधित आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना व्हिंटेज वाहनाचा दर्जा दिला आणि त्यांच्या क्रमांकात व्हीए ही खास अक्षरे आणली. जुन्या मोटारीला अशा रीतीने शासनमान्य वारसा होता आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तितकाच जुना छकडा किंवा दमणी यांची कोठेही नोंद होत नाही, आणि धाव चढवणारा लोहार व आरे भरणारा सुतार यांचे कौशल्य त्यांच्या दुकानासोबतच मिटत आहे. यंत्राने बनलेली वस्तू पन्नास वर्षांनी वारसा ठरते आणि हाताने बनलेली वस्तू सरपण ठरते, या भेदाचा विचार मराठी समाजाने अद्याप केलेला नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथ तीन गोष्टींचा प्रयत्न करतो. जुन्या धुरकऱ्यांच्या तोंडची परिभाषा, म्हणजे चालीचे प्रकार, दातांवरून वय, जोडी जुळवण्याचे निकष आणि छकड्याच्या भागांची नावे, झाडीबोलीच्या मूळ उच्चारांसह नोंदवून ठेवणे हा पहिला. मालक, धुरकरी, सुतार, लोहार आणि घरातील स्त्रिया यांना एकाच पटावर आणून हौस ही सामूहिक श्रमाची निर्मिती असल्याचे दाखवणे हा दुसरा. आणि कायद्याने घातलेल्या अटी केवळ बाहेरून लादलेली बंधने न मानता, परंपरेतील उत्तम धुरकऱ्याच्या आचरणाशी त्या कोठे जुळतात आणि कोठे नाही, याची छाननी करणे हा तिसरा. कोणत्याही एका व्यक्तीला नायक करण्याचे जाणीवपूर्वक टाळले आहे, कारण ज्यांचे स्मरण करायचे ते स्वतःच्या नावापेक्षा आपल्या जोडीच्या नावाने ओळखले जाण्यात धन्यता मानणारे होते.

लाकडी चाकाविषयी सुतार-लोहारांना ठाऊक असलेली एक गोष्ट येथे शेवटी नोंदवणे उचित होईल. उन्हाळ्यात बराच काळ उभा राहिलेला छकडा वाळतो, लाकूड आक्रसते आणि चाकावरची धाव सैल होऊन निघू लागते; तिच्यावर घण मारून उपयोग नसतो, चाक तलावात किंवा डबक्यात भिजत ठेवावे लागते, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा गच्च बसते. आसगावच्या आसपासच्या अनेक गोठ्यांत असे वाळलेले छकडे आजही भिंतीला टेकून उभे आहेत. या ग्रंथाने ते पुन्हा दाणीवर येणार नाहीत. मात्र त्यांचे लाकूड कोणत्या झाडाचे, धाव कोणी चढवली आणि जूवर कोणती जोडी होती, हे सांगू शकणारी माणसे हयात असतानाच विचारून घ्यावे, एवढी तातडी वाचकाच्या मनात उत्पन्न झाली तरी ग्रंथाचा हेतू सफल होईल.